एक : जमा, दोन : उचल

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानात दोन हिशेब चालतात. एक मोठा : आवक, सौदा, पट्टी, हमाली, तोलाई, बाजार समितीचा सेस आणि कर. तो आता सर्वत्र संगणकावर गेला आहे आणि त्यासाठी विकत मिळणारी प्रणाली पुरेशी होते. दुसरा लहान आणि फार जुना, तो अनामतीचा. हळदीच्या पट्टीची रक्कम शेतकरी सगळीच घरी नेत नाही. काही अडत्याकडे ठेवतो, मधूनमधून दुधाचे, ज्वारीचे चार पैसे त्यात भर म्हणून आणून देतो आणि लग्नकार्य, दवाखाना, बी-बियाणे असे काही निघाले की उचल घेतो. या व्यवहाराला कागद थोडा आणि विश्वास फार. ज्या पेढीची ही हकिकत आहे, तेथे अशी चाळीसेक खाती होती. ती लाल कापडाच्या बांधणीच्या एका वहीत, दिवाणजींच्या हस्ताक्षरात, वर्षानुवर्षे नांदत होती.

पेढीचे वयोवृद्ध मालक यार्डात सर्वांचे अण्णा. त्यांची नात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. महाविद्यालयात सी भाषा शिकवत होते आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्राम लिहून दाखवायचा होता. बहुतेकांनी ग्रंथालयाचा किंवा गुणपत्रिकेचा विषय घेतला. हिने आजोबांची अनामत वही घेतली.

प्रोग्राम साधा होता. कन्सोल, म्हणजे चित्रे, खिडक्या, बाण यांच्यावाचून केवळ अक्षरांचा काळा पडदा. त्यावर पाच ओळी उमटत : एक, जमा. दोन, उचल. तीन, शिल्लक. चार, खातेउतारा. शून्य, बाहेर. त्या पडद्यावर देवनागरी उमटत नसल्याने हे मराठी शब्द इंग्रजी लिपीत होते, पण दिवाणजींची त्याबद्दल तक्रार नव्हती. नव्वदच्या दशकात ज्यांनी बँकेच्या शाखांतून काम केले, त्यांना असा पडदा अनोळखी नाही. जमेला एक आकडा, नावेला दुसरा, दिवस बंद करण्याला तिसरा. बोटांना ते आकडे इतके सवयीचे होत की खिडकीपलीकडच्या ग्राहकाशी बोलता बोलता नोंद पुरी होई. निवडसूची हा प्रकार जुनाट दिसतो खरा, परंतु ज्याला दिवसाकाठी शंभर वेळा तेच काम करायचे आहे, त्याला याहून झटपट साधन क्वचितच मिळते.

दाबलेल्या आकड्यावरून योग्य कामाकडे वळवण्याचे कार्य सी भाषेत ‘स्विच’ नावाची रचना करते. रेल्वेच्या रुळांवर सांधा असतो, तसे हे आहे. ‘जर एक असेल तर हे, नाही तर जर दोन असेल तर ते’ अशी साखळी लिहूनही तेच साधता येते, पण पर्याय वाढले की ती साखळी वाचणाऱ्याची दमछाक करते. स्विचमध्ये निवड एकदाच तपासली जाते. खाली ‘केस एक’, ‘केस दोन’ अशा पाट्या असतात. ज्या पाटीवर तो आकडा असेल, तेथे नियंत्रण थेट उडी घेते. कोणतीच पाटी जुळली नाही तर ‘डिफॉल्ट’ नावाची पाटी. या पाट्यांवर फक्त पूर्णांक स्थिरांक चालतात. ‘दहा हजारांहून अधिक’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी आत वेगळी अट लिहावी लागते. पुढे जे घडले त्यात या साध्या नियमाचा वाटा आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि नवशिक्याची गफलत बहुधा तिथेच होते. केस ही भिंत नाही, ती नुसती पाटी आहे. पहिल्या पाटीचे काम संपले की नियंत्रण आपोआप बाहेर येत नाही. ते दुसऱ्या पाटीखालच्या ओळींवर घसरते, मग तिसरीच्या. बाहेर यायचे असेल तर प्रत्येक कामाच्या अखेरीस ‘ब्रेक’ हा शब्द लिहावा लागतो. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली. तिच्यापूर्वी केन थॉम्प्सन यांची बी आणि तिच्याही पूर्वी केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल. हा घसरण्याचा गुण या पूर्वजांकडून आलेला आहे. तो सर्वस्वी दोष नव्हे, कारण दोन पर्यायांना एकच काम द्यायचे असेल तर दोन पाट्या एकाखाली एक लावून भागते. मात्र रिची आणि ब्रायन कर्निगन यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या सीवरील पुस्तकातही या सोयीबद्दल सावध केलेले आहे. शेवटच्या केसनंतर ब्रेकची गरज नसते, तरी तो लिहावा, असा त्यांचा सल्ला. पुढे कोणी खाली नवी केस जोडली तर अनर्थ टळतो.

नातीच्या प्रोग्रामच्या पहिल्याच आठवड्यात दोन गमती झाल्या. दिवाणजींनी बाहेर पडण्यासाठी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर दाबले. आकडा वाचण्यासाठी तिने ‘स्कॅनएफ’ वापरले होते. त्याला आकड्याच्या जागी अक्षर मिळाले की ते अक्षर उचलतच नाही, तेथेच पडू देते. निवड मागचीच राहते, पुढच्या फेरीतही तेच अक्षर आडवे येते आणि चक्र थांबत नाही. मागची निवड तीन होती, म्हणून एकाच शेतकऱ्याची शिल्लक पडद्यावर धो धो वाहू लागली. दिवाणजींनी भिऊन वीजच बंद केली. मागची निवड एक असती तर त्या शेतकऱ्याच्या खाती तीच रक्कम अखंड जमा होत राहिली असती, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. मग तिने निवड अक्षर म्हणून वाचायला सुरुवात केली, पण पाट्या आकड्यांच्याच ठेवल्या. संगणकाच्या लेखी ‘एक’ हे अक्षर म्हणजे ४९ ही संख्या. त्यामुळे काहीही दाबले तरी नियंत्रण डिफॉल्टकडे जाऊ लागले आणि पडदा दर वेळी ‘चुकीचा पर्याय’ असे बजावू लागला. तीही दुरुस्ती झाली. अण्णांचा आक्षेप त्या वाक्यालाच होता. दुकानात आलेल्या माणसाला तू चुकलास असे म्हणत नाहीत, ‘पुन्हा सांगा’ म्हणतात. डिफॉल्टखालचे शब्द तसे बदलण्यात आले.

दिवाळी पाडव्याला वहीपूजन झाले आणि त्या दिवसापासून अनामतीचे खाते संगणकावर गेले. जुनी लाल वही बंद झाली. दिवाणजी प्रत्येक व्यवहाराची चिठ्ठी लिहून तारेला अडकवत आणि संध्याकाळी त्यावरून रोजमेळ लिहीत, तेवढी पद्धत राहिली.

अक्षय तृतीयेच्या सुमारास अण्णांनी एक सुधारणा सुचवली. मोठी रक्कम जमा झाली तर छापील पावती निघावी. लहानसहान रकमेला पावतीची काय गरज, चिठ्ठी आहेच. मर्यादा दहा हजार ठरली. नातीने जमेच्या केसमध्ये अट घातली, पावती छापण्याच्या ओळी लिहिल्या, पन्नास हजारांची खोटी नोंद करून पाहिली. पावती निघाली, खात्यात रक्कम दिसली. तिने ती नोंद पुसली आणि प्रोग्राम दिवाणजींच्या हवाली केला.

भाद्रपदात, दशलक्षण पर्व चालू असताना, कृष्णाकाठच्या एका गावाचे म्हातारे शेतकरी दुकानात आले. अण्णांच्याच वयाचे, चाळीस वर्षांचा संबंध. नातीचे लग्न ठरले होते. “अण्णा, हाय तेवढं समदं द्या,” ते म्हणाले. दिवाणजींनी तीन दाबले. पडद्यावर १८,४०० उमटले.

म्हातारबा क्षणभर थांबले. “माझ्या ध्यानात जरा जास्त हुतं. पर मशीन म्हणतंय तर तेवढंच असंल.”

अण्णांनी पडद्याकडे पाहिले. “होय, तेवढंच दिसतंय,” ते म्हणाले. रक्कम मोजली गेली, अंगठा झाला, चहा झाला. म्हातारबा टोपी सारखी करत पायऱ्या उतरले.

पर्वाच्या दहा दिवसांत बस्तीमध्ये तत्त्वार्थसूत्राचा दररोज एक अध्याय सांगण्याची परंपरा आहे. त्या संध्याकाळी सातवा होता, व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रियेनंतर न्यासापहार येतो. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा जो अर्थ दिला आहे, तो व्यापाऱ्याने एकदा ऐकला तर सहसा विसरत नाही. ठेव ठेवणारा आपली रक्कम किती हे विसरला आणि कमी मागू लागला असता, ठेव सांभाळणाऱ्याने ‘होय, तेवढेच’ असे म्हणणे म्हणजे न्यासापहार. त्यासाठी चोरी करावी लागत नाही, हातचलाखी करावी लागत नाही. एक होकार पुरतो. अण्णांनी हा अध्याय आयुष्यात पन्नासेक वेळा ऐकला असेल. त्या दिवशी सकाळचे स्वतःचेच शब्द त्यांना समोरून ऐकू आले. आपल्याला ठाऊक नव्हते, असा बचाव त्यांना सुचला नसेल असे नाही, परंतु प्रमादाचा विचारही त्याच अध्यायात आहे.

बस्तीतून ते घरी न जाता दुकानात गेले. दिवाणजींना आणि नातीला बोलावून घेतले. तारेवरच्या चिठ्ठ्या उतरवल्या. म्हातारबांच्या नावे चैत्रात पट्टीपैकी ३०,००० जमा होते आणि वेळोवेळी ११,६०० ची उचल. पडद्यावरचा आकडा येथवर बरोबर होता. मात्र वैशाखापासूनच्या आणखी पाच चिठ्ठ्या निघाल्या : ४,०००, २,५००, ६,०००, ३,५०० आणि ५,२००. बेरीज २१,२००. मग खातेउतारा काढला. पाचही रकमा तेथे होत्या. पण प्रत्येक जमेच्या लगेच खाली, त्याच तारखेला, तेवढीच उचल होती.

बँकेच्या माणसाला येथे एक गोष्ट बोचते. व्यक्तिगत खात्यांच्या शिलकांची बेरीज आणि रोजमेळावरून निघणारी अनामतीची एकूण बाकी यांचा ताळा ठराविक मुदतीने घालायचा असतो. शाखेत ज्या दिवशी हा ताळा जुळत नसे, त्या दिवशी घरी जाण्याची वेळ कोणी विचारत नसे. पेढीत लाल वही होती तोवर दिवाणजी दर महिन्याला ताळा घालत. संगणक आल्यावर त्याची गरज उरली नाही असे सर्वांनी धरून चालले. त्या रात्री तो घातला. फरक ६३,७५० रुपयांचा निघाला, अकरा खात्यांत विखुरलेला.

नातीने प्रोग्राम उघडला. दोष शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. पावतीची अट तिने ब्रेकच्या वर लिहिली होती, पण अटीचा महिरपी कंस बंद करताना तो ब्रेकच्या खाली पडला होता. ब्रेक अटीच्या आत अडकला. रक्कम दहा हजारांहून अधिक असली की पावती छापली जाई, ब्रेक भेटे आणि नियंत्रण बाहेर येई. रक्कम लहान असली की अटीचा सगळा भाग, ब्रेकसकट, ओलांडला जाई आणि नियंत्रण खालच्या पाटीवर घसरे. खालची पाटी उचलीची. खाते क्रमांक आणि रक्कम स्विचच्या आधीच विचारून ठेवलेली असल्याने उचलीने काही विचारण्याचे कारण नव्हते. जमा झालेली रक्कम त्याच श्वासात नावे पडत होती. भाषेच्या नियमाने यात अशुद्ध काहीच नव्हते, म्हणून संगणकाने कधी कुरकुर केली नाही. जीसीसी या अनुवादक साधनाच्या २०१७ मधील सातव्या आवृत्तीपासून अशा घसरणीबद्दल इशारा मागून घेता येतो. गूगलची गो ही भाषा तर प्रत्येक पर्यायाअखेर आपणहून थांबते, घसरायचेच असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. महाविद्यालयातील जुन्या टर्बो सीमध्ये यातले काही नव्हते.

अण्णांनी तिला ती ओळ दाखवायला सांगितली. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ पडद्याजवळ वाकून राहिले.

“म्हणजे मोठ्या रकमेला हे थांबतंय आणि लहान रकमेला थांबत नाही.”

“चूक माझी आहे, आजोबा. मी फक्त पन्नास हजारांनी तपासून पाहिलं.”

“लहान रकमेला पावती कशाला, हे मी म्हणालो होतो, बाळ.”

ही चूक केवळ शिकाऊ मुलीकडून होते असे समजण्याचे कारण नाही. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत ए टी अँड टी या दूरध्वनी कंपनीचे लांब पल्ल्याचे जाळे सुमारे नऊ तास कोलमडले होते. देशभरात त्यांची ११४ मोठी केंद्रे होती. एक केंद्र बिघाडातून सावरल्याचा संदेश शेजाऱ्यांना पाठवी आणि तो संदेश हाताळताना शेजारी स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होई, मग त्याचा संदेश त्याच्या शेजाऱ्यांना. अशी ती लाट फिरत राहिली. नव्याने बसवलेल्या सी भाषेतील प्रोग्राममध्ये, स्विचच्या आत असलेल्या एका अटीत, ब्रेक चुकीच्या जागी पडला होता. तेथे अनुभवी अभियंते होते, तपासण्या झाल्या होत्या. सांगलीच्या दुकानातली चूक जातकुळीने तीच.

ब्रेक कंसाबाहेर आणायला एक ओळ हलवावी लागली. नातीने त्यावर न थांबता १, ९,९९९, १०,००० आणि १०,००१ या रकमा घालून पाहिल्या. मर्यादेच्या अलीकडे, मर्यादेवर आणि पलीकडे, तिन्हीकडे तपासायचे असते हे तिला वर्गात शिकवले होते आणि आता ते तिला कळले. नोंद होताच नवी शिल्लक पडद्यावर यावी आणि दिवाणजींनी ती शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावी, असेही ठरले. पावतीची दहा हजारांची अट मात्र तिने दुरुस्त केली नाही, काढूनच टाकली. आता पन्नास रुपयांनाही पावती निघते. कागद फार जातो, अशी दिवाणजींची कुरबुर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आणि नात म्हातारबांच्या गावी गेले. रक्कम वीस हजारांवर असल्याने ती रोख परत करता येत नाही, म्हणून अण्णांनी २१,२०० चा धनादेश नेला होता. म्हातारबा अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होते. अण्णांनी झाले ते सांगितले, कंस आणि ब्रेक वगळून. म्हातारबांनी धनादेश मुलाच्या हाती दिला.

“मला वाटलंच हुतं,” ते म्हणाले. “पर तुमच्या दुकानातलं मशीन खोटं कशापाय बोलंल, म्हणून गप बसलो.”

नात त्या वेळी ओट्याच्या कडेला बसली होती. परतीच्या वाटेवर हरिपूरपर्यंत ती काही बोलली नाही. तेथे तिने विचारले, की या दहा जणांकडेही आपण दोघांनीच जायचे का. अण्णा म्हणाले, होय.

क्षमावाणीपर्यंत नऊ खाती पुरी झाली. कोणी दारातच हात जोडले, कोणी जेवल्याशिवाय सोडले नाही. एका बाईंनी मात्र सर्वांसमोर अण्णांना चांगले सुनावले आणि अण्णांनी ते उभे राहून ऐकून घेतले. उरले एक. तो दुसऱ्याच्या शेतात वाट्याने हळद करणारा तरुण होता. आषाढातच त्याने दिसली तेवढी शिल्लक उचलून खाते बंद केले होते आणि बायकोमुलांसह पुण्याकडे कामाला निघून गेला होता. त्याचा दूरध्वनी लागत नाही. गावात निरोप ठेवला आहे. मूळ मालकाकडेही ठेवला आहे.

नातीने प्रोग्राममध्ये एक शेवटची भर घातली. ती स्विचच्या आत नाही, कोणत्याही केसखाली नाही. निवडसूची उमटण्यापूर्वी, दररोज, पहिली ओळ येते : खाते २७, देणे ३,२५०. सकाळी दिवा लावून झाला की दिवाणजी यंत्र सुरू करतात, ती ओळ वाचतात आणि मग एक दाबतात.